दीडशे पीएसआयचं करायचं काय?

सध्या आपल्या पार्किंगमध्ये एक नवी फॅशन आली आहे. चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप. पाण्याच्या बाटलीएवढा, वर डिजिटल आकडे, खाली टॉर्च आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५० पीएसआय’. ज्याच्याकडे आहे तो मेसच्या रांगेतसुद्धा त्याचंच कौतुक सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की तो आकडा पाहून पंप घेणं म्हणजे स्पीडोमीटरवर १६० छापलंय म्हणून बाइक घेण्यासारखं आहे.

मुळात पंप हवाच कशाला, असं स्टाफपैकी काही जण विचारतील. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, आणि ती मिळायलाच हवी असा तेल कंपन्यांचा नियमही आहे. पण रात्री मशीन चालू आणि माणूस जागेवर, असा योग किती वेळा येतो ते ज्याने त्याने आठवावं. त्यात आपला रस्ता माहुलचा. रिफायनरीत भरायला आलेले टँकर कडेला उभे, उरलेल्या जागेतून भरलेले टँकर चालू. ईस्टर्न फ्रीवे २०१३ साली सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे फोर्टात जायचं झालं तरी आपण खालूनच. अशा रस्त्यावर मागचं चाक बसलं तर गाडी ढकलत नेणं धोक्याचं आणि तशीच चालवत नेणं त्याहून धोक्याचं. हवा कमी असलेला टायर वळणावर डोलतो, तापतो, आणि ट्यूबलेस असेल तर रिमवरून सुटूही शकतो.

आता थोडं गणित. (सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये.) १००/९०-१७ चा मागचा टायर घ्या. आत साधारण १० लिटर जागा. ३० पीएसआय म्हणजे वातावरणाच्या वर आणखी दुप्पट दाब; तेव्हा बाहेरची २० लिटर हवा आत कोंबायची आहे. सायकलवाल्यांच्या छोट्या हातपंपातून एका स्ट्रोकला १०० सीसी हवा जाते असं धरलं, तर २०० स्ट्रोक, तेही गळती न धरता. पायपंपात ३०० सीसी धरा, सत्तरएक वेळा पाय मारला की झालं. १५० पीएसआय ही रेसिंग सायकलच्या बारीक टायरची भाषा. आपल्याला लागतात २५ ते ३५. तेव्हा दुकानदाराला विचारायचं ते दाबाचं नाही, मिनिटाला किती लिटर हवा देतो त्याचं. तो आकडा खोक्यावर असलाच तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

बॅटरीच्या मोठेपणाचंही तसंच. आयसोथर्मल धरून वहीत काढून पाहिलं: रिकामा टायर भरायला जेमतेम १३०० ज्यूल, म्हणजे ०.३६ वॅट-तास. एफिशियन्सी १० टक्केच धरली तरी २० वॅट-तासाच्या बॅटरीत पाच टायर भरावेत. अडतं ते उष्णतेपाशी. सिलिंडर इवलासा, दाबलेली हवा तापते, म्हणून काही मिनिटं चालवून थांबा असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते वाचायचं. आणि सहा महिने सीटखाली पडलेला, चार्ज न केलेला पंप म्हणजे नुसतं ओझं. पायपंपाला ही भानगड नाही.

कारचा १२ व्होल्टवाला पंप घरून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. तो १० अ‍ॅम्पियरच्या आसपास ओढतो. दीडशे सीसीच्या गाडीची बॅटरी असते चार-पाच अ‍ॅम्पियर-तासांची. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी दिसायला झकास, पण १६ ग्रॅमच्या एका नळकांड्यातून निघतो ९ लिटर वायू. एका टायरला दोन लागणार, आणि एकदा वापरली की फेकायची. हॉस्टेलच्या खिशाला हे झेपणारं नाही.

तोंडाकडे मात्र कोणीच बघत नाही. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह एका बाजूला डिस्क नाहीतर ड्रम आणि दुसऱ्या बाजूला चेनचं स्प्रॉकेट यांच्या अडचणीत असतो. तिथे पंपाचं जाडजूड डोकं शिरत नाही. आटे असलेली, हाताने फिरवून बसवायची लवचिक नळीच हवी.

आणखी एक. गाडीला ट्यूब असेल आणि खिळा घुसला, तर जगातला कुठलाही पंप उपयोगाचा नाही. भरलेली हवा त्याच वाटेने बाहेर. ट्यूबलेसमधून ती हळू जाते, म्हणून पंपाने पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. मात्र टायर रिमवरून सुटला असेल तर तो परत बसवायला एकदम भरपूर हवा लागते, ती या बाटलीत नाही.

माझं मत विचाराल तर जुन्या हायवेने खंडाळ्याला किंवा माळशेजला जाणाऱ्यांनी चार्जिंगचा पंप खुशाल घ्यावा, पण ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबणारा, आणि सोबत ट्यूबलेसचं पंक्चर किट. बाकी हॉस्टेलसाठी प्रत्येक विंगला एक पायपंप आणि वेगळा प्रेशर गेज पुरे. पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. हवा सकाळी गाडी काढण्याआधी मोजायची, कारण टायर १० अंशांनी तापला तरी दीड पीएसआय जास्त दिसतो. पंप ठेवायची जागा वॉचमन काकांची केबिन. वर्गणी कोण गोळा करणार, एवढंच ठरायचं राहिलंय.