तेवीस आणि वीस तीन

१९०७ साली विवेक वर्धिनी ज्या हैदराबादेत स्थापन झाली, तेथील मराठी मुलांच्या कानी दोन संख्यावाचने पडतात. तेलुगूत २३ म्हणजे ‘इरवै मूडु’, अर्थात वीस तीन. लेखनाचा क्रमही तोच. ‘तेवीस’मध्ये मात्र तीन आधी येतो, म्हणून गणितात कच्चे मूल ३२ लिहून बसते. हा बुद्धीचा दोष नव्हे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आणले, तेव्हा भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. आमच्या मते, अडखळणाऱ्या मुलाला आधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मोजू द्यावेत, ‘वीस तीन’ म्हणू द्यावे; मग ‘तेवीस’ पक्के करावे. सीमाभागातील कन्नड ‘इप्पत्तमूरु’ही हीच वाट दाखवते. शेजारभाषेच्या आधाराने मराठी उणी होत नाही. गणिताच्या भीतीने मूल मराठी शाळेबाहेर गेले, तर मात्र होते.