देव एक, पण धर्म सारखे नव्हेत

आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरी जाऊन बसा. धर्माचा विषय निघाला की पाच-दहा मिनिटांत एक वाक्य कानी पडतेच : 'अहो, देव सगळ्यांचा एकच. नावे तेवढी वेगळी.' मग सर्वांच्या माना डोलतात, चहाचे कप उचलले जातात आणि विषय तिथेच संपतो. मी स्वतः हे वाक्य आयुष्यभर उच्चारीत आलो. आज त्याच्याविरुद्ध लिहायला बसलो आहे, त्याला एक प्रसंग कारण झाला.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातील एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही बदलापूरहून अंबरनाथला गेलो होतो. मुलगी कॅथलिक, मुलगा बौद्ध. मंडळी सुशील आणि अगत्यशील. वातावरण अधिक मोकळे व्हावे म्हणून मी माझे ठेवणीतले वाक्य काढले : 'शेवटी तुमचा देव काय, आमचा देव काय, एकच ना!' मुलाचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते क्षणभर गप्प राहिले आणि शांतपणे म्हणाले, 'दादा, राग मानू नका. पण आमच्या घरी देव नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. तुमचा-आमचा देव एकच म्हणालात, तर त्यांनी जे केले ते तुम्ही पुसून टाकता.'

मला उत्तर सुचले नाही. ज्यांचा मान राखायचा म्हणून मी बोललो, त्यांचाच अवमान माझ्या हातून घडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांना देव न मानण्याची प्रतिज्ञा अगदी आरंभी आहे. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर सृष्टिकर्ता ईश्वराची कल्पनाच नाकारलेली आहे. हे ज्याने जाणीवपूर्वक नाकारले, त्याला 'तुझाही देव तोच' असे सांगणे ही सहिष्णुता कशी होईल? त्याचे म्हणणे ऐकून न घेताच आपण त्याच्या तोंडी आपले उत्तर घातले, एवढाच त्याचा अर्थ.

वाचकहो, आपण राहतो तो टापू या प्रश्नाचा जणू जिवंत पाठ आहे. कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासात घेते. एवढ्याशा प्रवासात देवाविषयीच्या किती निरनिराळ्या श्रद्धांच्या दारांवरून आपण जातो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

उल्हासनगरपासून आरंभ करू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील पत्ते 'कॅम्प नंबर' या शब्दांनीच सांगितले जातात. या लोकांनी घरेदारे मागे टाकली, पण झुलेलालाची ज्योत बरोबर आणली. ठठ्ठ्याच्या मिर्खशहाने धर्मांतराची सक्ती केली, तेव्हा लोकांनी सिंधूच्या तीरी चाळीस दिवस उपवास व आराधना केली आणि त्यांच्या रक्षणासाठी झुलेलालाचा अवतार झाला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्याच समाजातील पुष्कळ घराणी नानकपंथी आहेत. त्यांच्या दरबारांत गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चालते. आता गुरू नानकांची शिकवण काय? परमेश्वर एक, निराकार, आणि कोणत्याही योनीत जन्म न घेणारा. म्हणजे एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच कुटुंबात, अवतार घेणाऱ्या देवाची भक्तीही आहे आणि कधीही जन्म न घेणाऱ्या देवाचे नामस्मरणही आहे. हे सारे प्रेमाने एकत्र नांदत आले, यात शंका नाही. पण हा भेद क्षुल्लक नाही, हेही त्यांनी सोसले आहे. २०२३ च्या जानेवारीत इंदूर येथे सिंधी दरबारांत ग्रंथसाहिबाशेजारी मूर्ती असण्यावरून वाद झाला आणि तेथील सिंधी मंडळींनी जड अंतःकरणाने ग्रंथसाहिबाच्या प्रती गुरुद्वाराकडे सोपविल्या. 'सगळे एकच' हे वाक्य त्या वेळी त्यांच्या उपयोगी पडले नाही.

पुढे अंबरनाथ. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातील. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ कोरलेला आहे. गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या उतरून खाली जावे लागते. महाशिवरात्रीला तेथे लोटणाऱ्या गर्दीतील दोघांना विचारून पाहा. शंकराचार्यांचा अद्वैत मार्ग मानणारा सांगेल की ब्रह्म निर्गुण आहे, आणि अज्ञान फिटले की जीव आणि ब्रह्म यांत भेद उरत नाही. त्याच्याच मागे उभा असलेला भक्त म्हणेल की मला देव व्हायचे नाही, मला त्याच्या पायांशी राहायचे आहे. एका रांगेतल्या या दोघांच्या देवकल्पनेतही एवढे अंतर आहे.

मशिदीत जाणारा आपला शेजारी अल्लाह एक मानतो, आपणही देव एक मानतो. त्याच्या कुराणात ईसा आणि मरियम यांना मोठा मान आहे, एका संपूर्ण सूरेला मरियमचे नाव आहे. तथापि अल्लाहला पुत्र नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही, हा त्याच्या श्रद्धेचा गाभा आहे. आपल्या श्रद्धेचा गाभा नेमका याच्या उलट आहे : पित्याचा सनातन पुत्र मरियेच्या उदरी माणूस झाला. बाजारपेठेतील आपला जैन दुकानदार तर जगाला कोणी कर्ता आहे असेच मानीत नाही. विश्व अनादी आहे आणि तीर्थंकर हे कर्मबंधनातून मुक्त झालेले मार्गदर्शक आहेत, असे तो मानतो.

आता सांगा, हे सर्व 'नावे तेवढी वेगळी' या तीन शब्दांत कसे बसवायचे? एक म्हणतो देव जन्म घेतो. दुसरा म्हणतो तो जन्म घेणे शक्य नाही. तिसरा म्हणतो मीच तो. चौथा म्हणतो, तो विषयच सोडा, दुःखाचे कारण शोधा. ही चारही उत्तरे एकच आहेत असे म्हणणाऱ्याने त्यांपैकी एकही नीट ऐकलेले नाही.

आपल्या घरात या आळसाचे आणखी एक रूप आढळते. 'पवित्र त्रैक्य म्हणजे आपले ब्रह्मा-विष्णू-महेश' असे मुलांना सांगणारे पालक मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, परंतु त्यात दोन्ही श्रद्धांचा विपर्यास होतो. उत्पत्ती, स्थिती आणि लय ही कार्ये तीन देवतांमध्ये वाटून देणे ही त्रिमूर्तीची कल्पना आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात अशी वाटणी नाही. ते तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाची तीन सोंगेही नव्हेत. देव स्वतःच्या ठायी परस्परप्रेम आहे, असे आपण त्रैक्याच्या नावाने म्हणतो. हे समजायला अवघड आहे, पण ते टाळून सोपे काहीतरी सांगितल्याने मुलाची श्रद्धा वाढत नाही.

इथवर वाचून काहींना आनंद झाला असेल. ते म्हणतील, 'बरे झाले सांगितले! ते लोक दगडाला देव मानतात, आपण खऱ्या देवाला भजतो.' या मंडळींशी माझे अधिक मोठे भांडण आहे.

आपल्या इमारतीत एखादा प्रार्थना-गट येतो आणि आपल्याला सांगतो की पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणे ही मूर्तिपूजा आहे. आपल्याला केवढा संताप येतो! आपण सांगतो की आम्ही मातीच्या पुतळ्याला भजत नाही, पुतळा ज्याचा आहे त्याला तो मान पोहोचतो. हे उत्तर बरोबरच आहे, ख्रिस्तसभेने ते इ. स. ७८७ च्या निसीया येथील दुसऱ्या महासभेत अधिकृतपणे दिले. मग हाच न्याय शेजाऱ्याला का नको? मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करून देवाला आवाहन करणारा आणि दीड दिवसाने त्याच मूर्तीचे विसर्जन करणारा माणूस मातीलाच देव मानीत असता, तर त्याने ती पाण्यात सोडली असती काय? त्याच्या पूजेशी आपण सहमत नसू. परंतु तो जे मानीत नाही ते त्याच्या माथी मारणे ही खोटी साक्ष आहे, आणि खोटी साक्ष देऊ नये अशी आपल्याला आज्ञा आहे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, आणि त्याच वेळी ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही ती सोडीत नाही, असे त्यात सांगितले आहे. या दोन गोष्टी एकत्र धरायच्या आहेत, एक टाकून दुसरी उचलायची नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे नेण्याची उपनिषदातील प्रार्थना आदराने उद्धृत केली. म्हणून ते वेदान्ती झाले नाहीत. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसी येथे जगातील धर्मप्रमुखांना शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलाविले. तेथेही सर्वांची मिळून एक सरमिसळ प्रार्थना केली गेली नाही, प्रत्येकाने आपापल्या परंपरेची प्रार्थना केली.

आपल्या मराठीतच याचा जुना दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे. देवासाठी त्यांनी 'परमेश्वर' हा लोकांचाच शब्द घेतला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हटले. परंतु त्या शब्दांतून त्यांनी सांगितले ते ख्रिस्ताचे चरित्र. शेजाऱ्याची भाषा शिकायची आणि आपले म्हणणे गाळायचे नाही, हा धडा चारशे वर्षांपूर्वी मिळूनही आपण तो गिरवला नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा ज्याने हात दिला त्याला कोणी त्याचा देव विचारला नाही. मग आताच ही चिकित्सा कशाला? माझे उत्तर असे की त्या दिवशी माणुसकीला देवाविषयीच्या एकमताची गरज पडली नाही, आणि आजही पडू नये. एक करुणेसाठी धावला असेल, दुसरा सेवेसाठी, तिसरा अल्लाहच्या भीतीने, चौथा प्रभू येशूच्या शब्दासाठी. 'आपण सारखे आहोत म्हणून एकमेकांना जपू' असे म्हणणाऱ्यांचा सलोखा, आपण सारखे नाही हे कळताच, मोडून पडतो. मलंगगडाकडे पाहा. हाजी मलंग यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चढत आले. तरी १९८० नंतरच्या दशकापासून ते स्थान दर्गा की समाधी, हा तंटा धुमसत राहिला आहे. जो सलोखा भेद ठाऊक असूनही टिकतो, तोच टिकाऊ.

आपल्याकरिता हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. आपली मुले आता कल्याणपलीकडच्या नव्या इमारतींत, सर्व धर्मांच्या शेजारात वाढत आहेत. सगळे धर्म सारखेच असे आपण त्यांना शिकवले, तर रविवारचा मिस्सा सोडताना त्यांना काहीच गमावल्यासारखे वाटणार नाही, आणि दोष त्यांचा नसेल. इतर सारे अंधारात आहेत असे शिकवले, तर पहिला सज्जन बौद्ध किंवा मुसलमान मित्र भेटताच त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडेल. तोही दोष त्यांचा नसेल.

त्या मुलीचे लग्न झाले. धर्मगुरूंनी दोघांना बसवून सारे समजावले. ख्रिस्तसभेची रीतसर अनुमती मिळाली. आपली श्रद्धा राखण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तितके करण्याचे वचन मुलीने दिले. मुलाला ते वचन ठाऊक आहे. मुलाच्या वडिलांनीही त्या दिवशी आपले म्हणणे लपवले नव्हते. उद्या त्या घरातील बाळ विचारील, 'देव आहे का?' एक आजोबा म्हणतील नाही, दुसरी आजी म्हणेल आहे. त्या दोघांचेही ऐकून, कोणाला मूर्ख न ठरवता, आपण येशूला का मानतो हे त्या आईला सांगता आले पाहिजे. 'देव सगळ्यांचा एकच' एवढ्यावर तिचे भागणार नाही.

देव एक आहे, ही माझी श्रद्धा आहे आणि ती मी सोडलेली नाही. शिवमंदिराच्या पायऱ्या उतरणाऱ्याला, दरबारात बसणाऱ्याला, नमाजात झुकणाऱ्याला आणि देव नाही म्हणणाऱ्या त्या निवृत्त कामगारालाही तोच एक देव शोधीत आहे, असे मी मानतो. पण हे माझे मानणे आहे, त्यांचे नव्हे. तेव्हा एवढेच करा. येत्या आगमन काळात एका शेजाऱ्याला घरी बोलवा आणि तो देवाविषयी काय मानतो, हे त्याच्याच तोंडून ऐका. मध्ये बोलू नका. मग त्याने विचारले, तर आपलेही सांगा. सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी धर्मशिक्षणाचे पुस्तक उघडा. मी सध्या तेच करीत आहे.