विश्लेषण : लोखंडाशिवाय छप्पर? वर्ध्याच्या कमानदार कवेलूंचे गणित

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. तरीही गावागावांत नवे घर म्हणजे स्लॅब, नाहीतर टिन. याच जिल्ह्यात मातीच्या पोकळ कवेलूंचे, लोखंडाच्या सळयांविना तोलून धरणारे छप्पर मात्र केव्हाच तयार झाले आहे. त्याचा आकार निसर्गातला आहे, पण शोभेसाठी घेतलेला नाही.

हे छप्पर नेमके काय आहे?

डॉ. देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ या संस्थेने शंकूच्या आकाराच्या कवेलूंवर काम केले. कुंभार चाकावर एक पोकळ नळी घडवतो. तिचे एक तोंड रुंद, दुसरे अरुंद. भाजल्यानंतर एका नळीचे अरुंद तोंड पुढच्या नळीच्या रुंद तोंडात बसवत कमानीच्या साच्यावर रांग लावली जाते. अशा कमानी एकमेकींना लागून उभ्या केल्या आणि वरून गिलावा केला, की छप्पर तयार. नळ्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता सहज खाली येऊ देत नाही.

मातीच्या नळ्या कोसळत का नाहीत?

पऱ्हाटीच्या दोन झाडांमध्ये ताणलेला कोळ्याचा धागा सकाळच्या दवाने जड झाला की मधोमध झोल घेतो. दोन खिळ्यांना सैल बांधलेली साखळीही तेच वळण घेते. या वळणात प्रत्येक कडीवर फक्त ताण असतो, वाकवणारा जोर कुठेच नसतो. आता हेच वळण उलटे करा. ताणाच्या जागी सगळीकडे दाब येतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकात हे सूत्र मांडले आणि बार्सिलोनाचे वास्तुविशारद अँटोनी गौडी यांनी साखळ्या उलट्या टांगून इमारतींचे आकार शोधले.

भाजलेली माती दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. सपाट स्लॅब वजनाने किंचित वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे सळया लागतात. कमान साखळीच्या वळणाच्या जितकी जवळ, तितकी सळयांची गरज कमी. थोडक्यात, लोखंडाचे काम आकार करतो.

निसर्गाची नक्कल आणि निसर्गाचा नियम यांत इथे फरक करायला हवा. सेवाग्रामच्या बापू कुटीत मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर खजुरीची झाडे उठावात काढली आहेत. दिल्लीचे लोटस टेम्पल कमळासारखे दिसते. दोन्ही देखणी आहेत. पण कवेलूंची कमान कशासारखीच दिसायचा प्रयत्न करत नाही. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात आले तेव्हा त्यांच्या वस्तीसाठी जवळपासची माती, लाकूड आणि हात वापरले गेले. कमानीचे नाते त्या विचाराशी अधिक जवळचे वाटते.

मग ती गावोगावी का दिसत नाही?

पहिली अडचण जमिनीची. कमान भिंतींना बाहेर ढकलते. भिंत जाड हवी किंवा दोन्ही बाजू बांधून ठेवणारा पट्टा हवा. वर्ध्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की स्लॅबच्या घरालाही तडा जातो, पण कमानीत तो थेट छपराच्या तोलावर येतो. पायावर काटकसर केली तर ही बचत अंगाशी येऊ शकते.

दुसरी अडचण वापराची, आणि ती अभियंते सहसा विसरतात. गच्चीवर वाळवण घालतात, उन्हाळ्यात झोपतात, पुढे मुलासाठी वर खोली काढायची असते. कमानदार छपरावर यातले काहीच जमत नाही.

तिसरी गोष्ट कागदावरची आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात यंत्रावर बनलेल्या कवेलूंचे छप्पर पक्के, तर हाताने घडवलेल्यांचे कच्चे धरले गेले. गळक्या जुन्या छपरांसाठी ते ठीकच होते. पण कुंभाराच्या हातची वस्तू म्हणजे गरिबीची खूण, ही समजूत त्यातून अधिकच घट्ट झाली. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा ठरली. लाभार्थी ओळखण्याचा आधार हेच सर्वेक्षण होते. स्थानिक साहित्याच्या घरांना योजनेत बंदी नाही. तरीही हप्ता टप्प्याटप्प्याने मिळतो, काम लवकर दाखवावे लागते आणि गवंड्याच्या हाताला स्लॅबच सरावाचा असतो.

२०२४ मध्ये केंद्राने योजनेला २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ देत आणखी २ कोटी घरांचे लक्ष्य ठेवले. एका गावात दहा घरे कमानीची करायची ठरली, तर साच्यांचे एकच माप, कवेलूंच्या भट्टीची एकसारखी भाजणी आणि शिकलेले दोन गवंडी एवढे तरी आधी उभे करावे लागेल. त्यासाठीची तरतूद लाभार्थ्याच्या १ लाख २० हजारांतून होणारी नाही.