विश्रांती कोणाच्या खर्चाने?

२०२५ च्या जून महिन्यात भारतीय संघ इंग्लंडमध्ये कसोटी मालिका खेळण्यास उतरला, तेव्हा जसप्रीत बुमरा पाचांपैकी तीनच सामने खेळणार हे आधीच जाहीर झाले होते. घडलेही तसेच. तो ज्या दोन सामन्यांत नव्हता, ते एजबॅस्टन व ओव्हल येथील सामने भारताने जिंकले आणि मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. यावरून दोन परस्परविरोधी मते मांडली गेली. देशासाठी खेळताना सामने निवडून घेण्याची मुभा असूच नये, हे एक. आणि प्रमुख गोलंदाजाच्या विश्रांतीने संघाचे काहीच बिघडत नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते घाईची आहेत.

पहिल्या पक्षाचा आवडता दाखला कपिल देवचा. १९७८ ते १९९४ या काळात तो १३१ कसोटी सामने खेळला आणि दुखापतीमुळे त्याचा एकही सामना हुकला नाही. दाखला खरा आहे. परंतु अपवादावरून नियम बांधता येत नाही. बुमराच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी मिळविले; पण सिडनीच्या कसोटीत पाठीने दगा दिला आणि पुढे चॅम्पियन्स करंडक स्पर्धेलाही तो मुकला. यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद न करणारा कारखानदार चार वर्षांत दिवाळे काढतो. वेगवान गोलंदाजाची विश्रांती ही चैन नसून अशीच तरतूद आहे.

दुसऱ्या पक्षानेही दोन विजयांवर फार मोठी इमारत उभारू नये. २०२१ मध्ये इंग्लंडने चेन्नईची पहिली कसोटी २२७ धावांनी जिंकली, त्यानंतर ठरल्याप्रमाणे अँडरसनला विश्रांती दिली व बटलरला मायदेशी धाडले. मालिका त्यांनी १-३ अशी गमावली. त्या पराभवाला फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्याही कारण होत्या हे खरे; तथापि चांगला खेळाडू बाहेर बसविण्याची किंमत कोणीतरी मोजतोच, हे त्यातून दिसले.

ती किंमत कोणी मोजावी, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमधील मालिकेत मोहम्मद सिराज पाचही कसोटी सामने खेळला, त्याने १८५ हून अधिक षटके टाकली व २३ बळी घेतले. ओव्हलवर अवघ्या सहा धावांनी मिळालेला विजय त्याच्याच गोलंदाजीचे फळ होते. त्याचे कौतुक यथायोग्य झाले. परंतु एकाच्या विश्रांतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडला, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

विश्रांती कोठून कापली जाते, हेही पाहण्याजोगे आहे. कसोटी मालिकेपूर्वीच्या दोन महिन्यांत, दुखापतीतून परतताच, बुमरा इंडियन प्रीमियर लीगचे बारा सामने खेळला. एका सामन्यात चारच षटके, म्हणून त्यात श्रम ते कोणते, असे कोणी विचारील. परंतु दिवसाला चार षटकांवरून एकदम वीस षटकांवर जाणे हेच वेगवान गोलंदाजाच्या शरीराला अधिक धोक्याचे असते. खेळाडूचे शरीर हे आज गावच्या गायरानासारखे झाले आहे. प्रत्येकाला आपले गुरू त्यावर चारावयाचे आहे. गायरान काही काळ मोकळे सोडण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

इतर देशांची मंडळे खाजगी मालकांकडे बोट दाखवू शकतील. भारतीय मंडळाला ती पळवाट नाही, कारण ही लीग त्याचीच आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांतून ४८,३९० कोटी रुपये मिळविणाऱ्या संस्थेला वेळापत्रकापुढे आपण हतबल आहोत असे म्हणता येणार नाही. याच मंडळाने २०२४ मध्ये कसोटी खेळाडूंसाठी प्रोत्साहन योजना आणली. मोसमातील ७५ टक्क्यांहून अधिक कसोटी खेळणाऱ्यास दर सामन्यामागे ४५ लाख रुपये जादा मिळतात. निम्म्याहून कमी खेळणाऱ्यास काही नाही. हेतू स्तुत्य आहे. पण हजेरीवर बक्षीस ठेवले की दुखणे लपविण्याचा मोह आलाच. नामवंत गोलंदाज दोन सामने सोडू शकतो. संघातील जागा अजून पक्की न झालेला तरुण तसे धाडस करील काय?

म्हणून विश्रांतीचा नियम नावावर नव्हे, टाकलेल्या षटकांवर आधारलेला असावा. लीग व कसोटी यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जावा, आणि वैद्यकीय सल्ल्याने सोडलेला सामना मोबदल्याच्या बाबतीत खेळलेलाच समजला जावा. प्रमुख गोलंदाजांना लीगचे काही सामने सक्तीने सोडावे लागले, तर मालक नाराज होतील, जाहिरातदारही कुरकुरतील. परंतु विश्रांतीचा खर्च आज देशाचा संघ, त्याचा प्रेक्षक आणि सिराजसारखे गोलंदाज सोसत आहेत. ज्यांच्या पदरी नफ्याचा मोठा वाटा पडतो, त्यांनी त्या खर्चातलाही आपला वाटा उचलावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.