मोटार किती अँपिअर घेते?

माढा तालुक्यात ऊस लावा, डाळिंब लावा नाहीतर केळी. पीक शेवटी मोटारीवर जगतं. उजनीच्या पाण्यावरची असो की सीनाकाठच्या विहिरीतली, ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली की ती वर काढा, रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लावा आणि तोवर माना टाकणारी बाग बघत बसा. एवढं सोसणाऱ्या शेतकऱ्याला मोटार चालताना किती अँपिअर घेते, हे मात्र बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

वायरमनचा ठोकताळा सोपा आहे. तीन फेजच्या मोटारीला एचपीमागे साधारण दीड अँपिअर, म्हणजे पाच एचपीला सात-साडेसात. सबमर्सिबल थोडं जास्त घेते. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो. एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरींतला प्रवाह पावणेदोन पटीच्या घरात जातो. विहीर आटून मोटार कोरडी चालली, तर आकडा उलट खाली येतो. आजार आधी अँपिअरमध्ये दिसतो, धूर नंतर निघतो.

2024 मध्ये राज्य सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली. त्याआधीही कित्येक पंपांना मीटर नव्हता, बिल एचपीवरच निघायचं. बिल गेलं ते चांगलंच झालं, पण मोजण्याचं उरलंसुरलं कारणही त्याबरोबर गेलं. वीज फुकट झाली, रिवाइंडिंग नाही.

मोजायला लागतो साधा क्लॅम्प मीटर, हजार-दीड हजारांचा. वायर तोडायची नाही. जबडा उघडायचा, एक वायर आत घ्यायची, आकडा वाचायचा. नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो: तिन्ही वायरी एकदम जबड्यात घेतो. मीटर शून्य दाखवतो आणि तो मीटरलाच नावं ठेवतो. खरं तर तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांना खोडून शून्य होतात, मीटर बरोबरच सांगत असतो. वायर एकेकटीच धरायची.

इंजिनिअरिंगच्या पोरांकडे तर याहून स्वस्त सामान असतं. एसीएस712 नावाची चिमुकली चिप प्रवाहाचं रूपांतर व्होल्टेजमध्ये करते. तिचा पाच अँपिअरचा प्रकार दर अँपिअरला 185 मिलिव्होल्ट देतो. प्रोजेक्टच्या टेबलावर तिच्याने बल्बचा प्रवाह मोजतात, मार्क घेतात आणि पेटी कपाटात जाते. तीच पोरं स्टार्टरपाशी का जात नाहीत? अर्थात 415 व्होल्टच्या लाइनमध्ये ही चिप जोडण्याचं धाडस कुणी करू नये. तिथे वायरीवर बाहेरून चिमट्यासारखा बसणारा सीटी सेन्सरच हवा. तो वापरून, प्रवाह वाढला किंवा पडला की मोटार बंद करणारी, मोबाइलवर मेसेज धाडणारी पेटी बनवणं तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांनी असे प्रोजेक्ट बांधावर तपासूनच मार्क द्यावेत.

सौर पंपवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते आणि साधा एसी क्लॅम्प तिच्यावर आंधळा ठरतो. तिथे एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा डीसी क्लॅम्प लागतो. घेताना दुकानदाराला डीसी अँपिअर मोजतो का, हे विचारूनच पैसे मोजावेत.

आणि मीटर घ्यायचा नसेल, तर एवढं तरी करा. पुढच्या वेळी वायरमन आला की मोटार चालू ठेवून तिन्ही वायरींचे आकडे एकेक करून मोजून घ्या आणि तारखेसह स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.