पहारा कोणासाठी?

तिजोरीची किल्ली शेजारी ठेवण्यापूर्वी गृहिणी दहा वेळा विचार करते. तीच गृहिणी दुकानात विचारलेला भ्रमणध्वनी क्रमांक मात्र सहज सांगून टाकते. दोष तिचा नाही. दिलेली माहिती पुढे कोणाकोणाच्या हाती पडते, हे तिला दिसतच नाही. व्यक्तीची नजर जेथे पोहोचत नाही, तेथे पहारा देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

असा पहारा परिणामकारक होऊ शकतो, हे रिझर्व्ह बँकेच्या एका नियमाने दाखवून दिले आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाईन विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याजागी सांकेतिक क्रमांक वापरावा लागतो. विक्रेत्याकडे जे नाहीच, ते त्याच्याकडून चोरीला जाणार कसे?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा सादर केला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही जरब स्वागतार्हच आहे.

परंतु दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, त्याच्या पदरी काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले ४३-अ हे कलम पीडिताला भरपाई मागण्याची वाट देत होते. नव्या कायद्यात तेच कलम वगळण्याची तरतूद आहे. शिवाय केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी या कायद्यातून सूट देऊ शकते आणि तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही तेच करते.

राष्ट्राच्या सुरक्षेसाठी काही सूट अपरिहार्य आहे, हे कोणीही सुजाण नागरिक मान्य करील. मात्र नागरिकांची सर्वाधिक माहिती सरकारी दप्तरांतच साठलेली आहे, याचा विसर पडता कामा नये. पहारेकऱ्यालाच नियमातून मोकळीक आणि ज्याचे घर फुटले तो रिक्तहस्त, अशा व्यवस्थेवर समाजाचा विश्वास बसणार नाही. भरपाईचा हक्क पुन्हा देणे आणि मंडळ स्वायत्त करणे, या दोन दुरुस्त्या संसदेने विनाविलंब हाती घ्याव्यात.