ओळखीचा पेच पोरखेळ नव्हे



गेल्या अंकातील पत्रलेखकाने ‘ओळखीचा पेचप्रसंग’ फ्रॉइडच्या खात्यावर टाकला आणि वर त्याला पोरवयातला चाळा ठरवले. दोन्ही चूक. ही कल्पना मनोविश्लेषक एरिक एरिकसनची, आणि तीही दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या सैनिकांना पाहून सुचलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या माउंट झायन दवाखान्यातल्या या माणसांना आपले नावगाव नीट ठाऊक होते. आयुष्याचा सांधा मात्र निखळला होता. पौगंडावस्थेतल्या मुलांना ही कल्पना नंतर लावली गेली. खुद्द एरिकसनला जन्मदाता कोण हे कळले नाही. १९३९मध्ये अमेरिकी नागरिक होताना त्याने आडनावच नवे घेतले. (सावत्र वडिलांचे होमबर्गर मधल्या ‘एच’पुरते उरले!) याला चाळा म्हणायचे? ओळख एकट्याच्या डोक्यात घडते, हे पत्रलेखकाचे म्हणणे तर एरिकसनने साफ फेटाळले असते.

– एक वाचक, पुणे